हवेच्या तक्त्यात पाणी का नाही? (गोव्याची ओली हवा आणि मूलकं)

अबोली (धागालेखिका), ९ जुलै, रात्री ९.४०

काल तिन्हीसांजेला भाची अकरावीचं पुस्तक घेऊन सोप्यावर बसली होती. हवेच्या घटकांचा तक्ता पाठ करत होती: नायट्रोजन ७८, ऑक्सिजन २१, आर्गॉन ०.९३, कार्बन डायऑक्साइड ०.०४. तिच्या डोक्यावरच भिंतीला आर्द्रतामापक टांगलेला आहे. त्यावर ८०. तिने वर बघितलं, मग पुस्तकात बघितलं आणि विचारलं, "मावशी, हे ऐंशी ह्या तक्त्यात कुठे बसतात?"

मी फोंड्याजवळ पंचवीस वर्षं रसायनशास्त्र शिकवते आहे. त्या तक्त्याखाली बारीक अक्षरात 'कोरड्या हवेसाठी' असं असतं, ते वाचून आपण सगळे पुढे जातो. काल थांबले आणि हिशेब मांडला. तापमान ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के धरली तर हवेत बाष्प भरतं साधारण ३.४ टक्के. म्हणजे आर्गॉनच्या साडेतीन पट आणि कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशी पट! एका घनमीटरमध्ये २४ ग्रॅम. आमची खोली दहा बाय बारा, उंची दहा फूट. त्या एका खोलीत सव्वाआठशे ग्रॅम पाणी. लिटरच्या मापात तेवढं पाणी ओतून तिच्यापुढे ठेवलं. ती बराच वेळ त्या मापाकडे आणि मग रिकाम्या खोलीकडे बघत राहिली.

हे पाणी हवेत नुसतं तरंगत नाही, हे मला इथे मांडायचं आहे. उन्हातले ३२० नॅनोमीटरहून आखूड लांबीचे अतिनील किरण ओझोनवर पडले की त्यातून एक ऑक्सिजन अणू सुटतो आणि तो 'उत्तेजित' असतो, म्हणजे नेहमीच्या अणूपेक्षा जास्त ऊर्जेचा. त्याला पाण्याचा रेणू भेटला तर त्या दोघांची दोन हायड्रॉक्सिल मूलकं होतात, ओएच. जमिनीलगतच्या हवेतही हे सतत होत असणार, हे हायरम लेव्ही यांनी १९७१ साली मांडलं. हवेतला कार्बन मोनॉक्साइड, मिथेन, गंधकाचे वायू, झाडांची वासाची द्रव्यं, ह्या सगळ्यांना पहिला हात घालतो तो हा ओएच. तो तयार व्हायला पाणी लागतं. पाणी नाही तर ही सफाई नाही.

म्हणून मला वाटतं, पावसाळ्यात गोव्याची हवा एवढी निर्मळ होते त्यात ह्या बाष्पाचा मोठा हात आहे: पाणी जास्त, ओएच जास्त, हवा स्वच्छ. माझं चुकत असेल तर जाणकारांनी जरूर सांगावं.

केतन साखळी, ९ जुलै, रात्री १०.१५

ताई, मी वाणिज्य शाखेचा. मूलक म्हणजे नेमकं काय ते एकदा सांगा, म्हणजे पुढचं कळेल.

अबोली, ९ जुलै, रात्री १०.३२

केतन, चवथीची फुगडी डोळ्यांसमोर आण. रेणूत इलेक्ट्रॉन जोडीजोडीने असतात, फुगडीतल्या बायकांसारखे. एखादी एकटी राहिली की ती शेजारच्या जोडीतल्या एकीचा हात धरून तिला ओढते. मग जिची जोडीदारीण गेली ती एकटी पडते, आणि ती पुढच्या जोडीत हात घालते. जोडी नसलेला इलेक्ट्रॉन बाळगणारा अणू किंवा रेणू म्हणजे मूलक. एक मूलक दुसऱ्याला जन्म देतो आणि साखळी चालू राहते. दोन एकट्या एकमेकींना भेटल्या तरच ती थांबते. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेव, पुढे कोणीतरी त्यावर येणारच.

शिवोलीकर, १० जुलै, सकाळी ७.०५

पण हे ओएच हवेत असतात किती? मी वाचलंय की भर दुपारीही दहा लाख कोटी रेणूंत एखाद-दोनच. एवढ्याशा वस्तूने हवा धुतली जाते हे पटायला जड जातं.

दर्यादेग, १० जुलै, दुपारी १.२०

शिवोलीकर, आकडा तुम्ही बरोबर वाचलात. एका घनसेंटिमीटरमध्ये दिवसा साधारण दहा लाख ते एक कोटी. पण नुसती शिल्लक बघून चालत नाही, उलाढाल बघायला हवी. ओएच जन्मल्यावर सेकंदभरही टिकत नाही, लगेच कशाला तरी लागतो, आणि तेवढ्यात नवा तयार होतो. हे दिवसभर, सगळ्या पृथ्वीवर. मिथेन हवेत साधारण नऊ वर्षं राहतो, कार्बन मोनॉक्साइड एक-दोन महिने. ही मुदत मुख्यतः ओएचनेच ठरवलेली आहे.

अबोलीताई, धागा फार आवडला. मी समुद्रावरच्या हवेच्या मोजमापात बरीच वर्षं काढली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. तुमचं पहिलं अर्धं अगदी खरं आहे. दुसऱ्या अर्ध्यात दुरुस्ती हवी.

आधी खरं अर्ध. उत्तेजित ऑक्सिजनला पाणी भेटेपर्यंत बहुधा नायट्रोजन किंवा ऑक्सिजनच आदळतो, त्याची जास्तीची ऊर्जा निघून जाते आणि तो परत ओझोन होतो. ही सगळी शर्यत एका नॅनोसेकंदात संपते. तुमच्या सोप्यावरच्या हवेचा हिशेब मी केला: शंभरातले सतरा-अठरा अणू पाण्यापर्यंत पोचतात. दिल्लीत जानेवारीत १० अंश आणि ७० टक्के आर्द्रता धरली तर एका घनमीटरमध्ये जेमतेम साडेसहा ग्रॅम पाणी असतं, आणि शंभरातले पाच-साडेपाचच पोचतात. म्हणजे तेवढाच ओझोन, तेवढंच ऊन असेल तर आपली हवा तिप्पट ओएच बनवते.

पण जुलैत ते ऊन कुठे असतं? आपण साडेपंधरा अक्षांशावर. सूर्य आपल्या डोक्यावर येतो मेच्या सुरुवातीला आणि पुन्हा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात. त्या दुसऱ्या वेळी वर ढगांचं जाड छप्पर असतं आणि अतिनील किरण बरेचसे वरच अडतात. पावसाळ्यातली निर्मळ हवा ही आधी वाऱ्याची करणी: हजारो किलोमीटर समुद्रावरून आलेली हवा मुळातच स्वच्छ. आणि मग पावसाची, तो धूळ आणि विरघळणारे वायू खाली आणतो. ओएचचा आपल्याकडचा खरा हंगाम मला एप्रिल-मे वाटतो, अंगाला घाम चिकटतो आणि आकाश उघडं असतं तेव्हा.

आता तुम्ही केतनला सांगितलेलं 'दोन एकट्या भेटल्या की साखळी थांबते' ते. ओएच कार्बन मोनॉक्साइडला लागला की पुढे एचओटू तयार होतो, हायड्रोपेरॉक्सिल. हाही मूलकच, पण ओएचपेक्षा शांत आणि जास्त टिकणारा. दोन एचओटू भेटले की हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऑक्सिजन होतात आणि दोन मूलकं एका फटक्यात हिशेबातून जातात. १९७० च्या दशकात प्रयोगशाळेत दिसलं की नळीत बाष्प सोडलं की ह्याच अभिक्रियेचा वेग वाढतो. पाणी ह्या समीकरणात ना डाव्या बाजूला ना उजव्या, तरी वेग वाढतो!

कारण असं की एचओटू पाण्याच्या रेणूला हायड्रोजन बंधाने चिकटतो, आणि हा बंध पाण्या-पाण्यातल्या बंधापेक्षा घट्ट असतो. पाण्याला बिलगलेला एचओटू दुसऱ्या एचओटूशी जास्त सहज जुळतो. बरीच वर्षं ही जोडी वेगाच्या आकड्यांवरून ओळखली जात होती. जपानमधल्या सुमा, सुमियोशी आणि एंडो यांनी २००६ साली तिचा सूक्ष्मतरंगांतला वर्णपट टिपला आणि तिची रचना डोळ्यांपुढे आली. वेगाचं जे सूत्र सगळीकडे वापरतात त्यात तुमचे ३० अंश, ८० टक्के घातले तर वेग कोरड्या हवेच्या अडीच पटींहून थोडा जास्त येतो.

म्हणजे एकच पाणी एका हाताने ओएच घडवतं आणि दुसऱ्या हाताने त्याच कुटुंबातला एचओटू लवकर संपवतं. 'पाणी जास्त तर सफाई जास्त' हे म्हणून सरळ रेषेत जात नाही.

अबोली, १० जुलै, रात्री ८.५०

दर्यादेग, मनापासून आभार. ढगांचा मुद्दा माझ्याकडून पार सुटला होता. दावा मागे घेते. एप्रिल-मेचं म्हणणं पटलं.

एक शंका. एचओटूला नायट्रिक ऑक्साइड भेटला तर तो परत ओएच होतो ना? मग रस्त्यालगतच्या हवेत पाण्याचा हा दुसरा हात किती चालतो?

दर्यादेग, १० जुलै, रात्री ११.१०

नेमका प्रश्न विचारलात. गाड्यांचा धूर असेल तिथे नायट्रिक ऑक्साइड इतका असतो की एचओटूला दुसरा एचओटू भेटण्याआधी तोच गाठतो. त्यातून ओएच परत मिळतो, सोबत नायट्रोजन डायऑक्साइड, आणि तो उन्हात फुटून ओझोन वाढवतो. पर्वरीच्या चढावर सकाळी नऊला पाणी एचओटूला चिकटून फारसा फरक पडणार नाही. भर समुद्रात, किंवा वाळपईच्या पलीकडे जंगलात, तोच परिणाम मोठा होतो. स्वच्छ समुद्री हवेत तर दिवसा ओझोन घटत जातो: थोडा पाण्यामार्गे ओएच बनवण्यात, थोडा एचओटूवर.

डिसेंबर-जानेवारीत वारा उलटतो आणि जमिनीवरची हवा अरबी समुद्रात जाते. १९९९ च्या सुरुवातीला पॉल क्रुट्झेन आणि व्ही. रामनाथन यांच्या पुढाकाराने झालेल्या 'इंडोएक्स' मोहिमेत हा जमिनीवरचा करडा धूसर थर दूर समुद्रापर्यंत पसरलेला मोजला गेला. धूर जमिनीचा आणि बाष्प समुद्राचं, दोन्ही एकाच हवेत. अशा हवेचा हिशेब सगळ्यात अवघड जातो.

सत्तरीचो झिलगो, ११ जुलै, सकाळी ६.४०

जंगलाचं नाव निघालं म्हणून विचारतो. पाऊस उघडला की आमच्या कुळागरात, म्हणजे माडापोफळींच्या बागेत, झाडांचा जो ओला वास येतो, तो वायूही ह्या खेळात असतो का?

दर्यादेग, ११ जुलै, सकाळी ८.००

असतो, आणि चांगलाच. झाडांमधून निघणारी आयसोप्रीन, टर्पीनसारखी द्रव्यं ओझोनशी भिडली की मध्येच एक अल्पायुषी रेणू तयार होतो, रुडॉल्फ क्रिगी यांच्या नावाने तो ओळखला जातो. हे क्रिगी रेणू फुटतात तेव्हा ओएच सुटतो, आणि त्याला ऊन लागत नाही, रात्रीसुद्धा. पण इथेही पाणी मध्ये पडतं. सगळ्यात लहान क्रिगी रेणू पाण्याच्या एकट्या रेणूपेक्षा पाण्याच्या जोडीशी, म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या दोन रेणूंशी, कितीतरी वेगाने लागतो, असं तैवानमधल्या प्रयोगांत २०१५ साली दिसलं. हवेतल्या बाष्पात हजारातले एक-दोन रेणूच असे जोडीने असतात, तरी ओल्या हवेत ते पुरून उरतात. आणि तापमान तेच ठेवून बाष्प दुप्पट केलं तर जोड्या चौपट होतात. तुमच्या कुळागरात पाण्याच्या जोड्यांची काही कमी नाही. मोठे क्रिगी रेणू मात्र पाण्याला एवढे सहज बधत नाहीत.

गंधकाच्या ट्रायऑक्साइडचंही असंच आहे. त्याचं सल्फ्युरिक आम्ल व्हायला पाण्याचा एक रेणू पुरेल असं समीकरण सांगतं. प्रत्यक्षात दोन लागतात: एक अभिक्रियेत उतरतो, दुसरा हायड्रोजन इकडून तिकडे पोचवतो आणि शेवटी सुटा होतो.

मिठागरची नात, ११ जुलै, दुपारी ३.३०

माझं माहेर पेडण्याकडचं, आजोबांचं मिठाचं आगर होतं. आता मी स्वयंपाकघरातलं उदाहरण देते. मीठदाणीत तांदळाचे दाणे घालतो ना आपण, पावसाळ्यात मिठाला पाणी सुटू नये म्हणून? शुद्ध मिठाला पाणी सुटायला लागतं ७५ टक्के आर्द्रतेला, खडेमीठ त्याच्याही आधी ओलं होतं. आपली रात्र बहुतेक वेळा पंचाहत्तरच्या वरच असते. म्हणजे लाटांतून उडालेले मिठाचे बारीक कण आपल्या हवेत कोरडे नसतातच, प्रत्येक कण खाऱ्या पाण्याचा एक थेंब असतो. आजोबा पहाटे आगराच्या बांधावर उभे राहून ओठांवरून जीभ फिरवायचे आणि वाऱ्याची दिशा सांगायचे. त्या चवीत काय काय होतं ते मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

रात्री गाड्यांच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड आणि ओझोन मिळून डायनायट्रोजन पेंटॉक्साइड बनतो. तो ओल्या कणावर बसला की पाण्याशी लागून नायट्रिक आम्ल होतो आणि गोष्ट तिथे संपते. पण कण खारा असेल तर क्लोराइडशी लागून नायट्रिल क्लोराइड नावाचा वायू सुटतो. हा रात्रभर साठतो. सकाळी ऊन पडलं की फुटतो आणि क्लोरीनचा अणू सुटतो, तो मिथेनसारख्या हायड्रोकार्बनांवर ओएचपेक्षाही जोरात तुटून पडतो. टेक्सासच्या किनाऱ्याजवळ हा वायू मोजल्याचं २००८ साली प्रसिद्ध झालं. आपल्या किनाऱ्यालाही खारा कण, ओली रात्र आणि हमरस्त्याचा धूर हे तिन्ही आहेत.

अबोली, ११ जुलै, संध्याकाळी ६.१५

मिठागरची नात, किती सुंदर लिहिलंत! हे उद्या वर्गात सांगणार. नायट्रस आम्लाची भर घालते. ओल्या भिंती, पानं, रस्ते ह्यांवर नायट्रोजन डायऑक्साइड आणि पाणी मिळून ते रात्री तयार होतं, आणि सूर्य उगवल्या-उगवल्या फुटून ओएच देतं, ओझोनमार्गे ओएच व्हायला सुरुवात होण्याच्या आधीच. सकाळची पाळी पाणी अशीही उघडतं.

केतन साखळी, ११ जुलै, रात्री ९.००

विजा चमकतात तेव्हा? ऑक्टोबरात आमच्याकडे रोज संध्याकाळी गडगडाट असतो.

दर्यादेग, ११ जुलै, रात्री ९.४५

वीज पाण्याचा रेणू सरळ फोडते. विल्यम ब्रून यांच्या गटाने २०१२ साली अमेरिकेत विमानातून गडगडाटी ढगांत मोजमाप केलं होतं. ओएच आणि एचओटूचे आकडे इतके अफाट आले की सुरुवातीला उपकरणातच दोष असेल असं वाटलं. प्रयोगशाळेत ठिणग्या पाडून तपासल्यावर खरे ठरले आणि २०२१ साली प्रसिद्ध झाले. गंमत म्हणजे डोळ्यांना न दिसणारे विद्युत्स्रावही हेच करतात.

शिवोलीकर, १२ जुलै, सकाळी ७.२०

आता मलाही गोडी लागली. दोन गोष्टी. पाण्याच्या अगदी बारीक थेंबांत हायड्रोजन पेरॉक्साइड आपोआप बनतो असं वाचलं, ते खरं का? आणि हवा तापत चालली आहे, बाष्प वाढणार, मग ओएच वाढून मिथेन लवकर संपेल असं म्हणता येईल?

दर्यादेग, १२ जुलै, दुपारी २.०५

पहिलं: २०१९ साली स्टॅनफर्डच्या रिचर्ड झरे यांच्या गटाने तसं मांडलं. त्यावर वाद आहे. आजूबाजूच्या हवेतला ओझोन थेंबात विरघळून तेवढं पेरॉक्साइड देऊ शकतो, असं दुसऱ्या प्रयोगकारांनी ओझोन काटेकोरपणे बाहेर ठेवून दाखवलं. मी स्वतः ह्या दुसऱ्या बाजूला झुकतो. ढगातल्या पेरॉक्साइडचा मोठा वाटा वायूतल्या एचओटूच्या जोड्यांतून येतो, तोच थेंबात विरघळतो आणि तिथे गंधक डायऑक्साइडचं सल्फेट करतो.

दुसरं: एक अंश तापमान वाढलं की हवेची बाष्प धरायची ताकद साधारण ७ टक्क्यांनी वाढते. नुसत्या त्या हिशेबाने ओएच वाढायला हवा. पण ओएच कशावर खर्च होतो आणि परत कसा मिळतो, तेही बघावं लागतं. २०२० आठवा. टाळेबंदीत रस्ते ओस होते, नायट्रिक ऑक्साइड घटला, म्हणून एचओटूपासून ओएच परत मिळणं कमी झालं. त्या वर्षी हवेत मिथेन सुमारे १५ अब्जांश भागांनी वाढला, आणि त्यातला जवळपास अर्धा वाटा ओएच घटल्यामुळे, असा एक अभ्यास सांगतो. पाणी होतं तेवढंच होतं. उलट उदाहरण जानेवारी २०२२ चं. टोंगाजवळच्या हुंगा ज्वालामुखीने समुद्राचं सुमारे १५ कोटी टन पाणी बाष्प करून थेट स्थितांबरात, म्हणजे ढगांच्याही वरच्या थरात, फेकलं. तिथली हवा एरवी ठणठणीत कोरडी. ह्या पाण्याने ओएच वाढला आणि ज्वालामुखीतल्या गंधकाचं सल्फेट नेहमीपेक्षा खूप लवकर झालं. जिथे पाण्याचाच तुटवडा, तिथे पाणी ओतलं की फरक लगेच दिसतो. आपल्याकडे तुटवडा पाण्याचा नाही, जुलैत उन्हाचा.

अबोली, १३ जुलै, रात्री ९.२५

भाचीने हा सगळा धागा वाचला आणि दोन दिवस आर्द्रतामापकासमोर वही घेऊन बसली. तिची नोंद तिला विचारून इथे देते.

काल रात्री तीन वाजता २६ अंश, ९१ टक्के. आज दुपारी दोन वाजता, पाऊस थांबलेला, २९ अंश, ७९ टक्के. तिला वाटलं होतं, दुपारी हवेतलं पाणी कमी झालं असणार. सूत्र लावून ग्रॅम काढले तर रात्री घनमीटरला २२.२ आणि दुपारी २२.७! टक्के बारांनी उतरले आणि पाणी जवळपास जागच्या जागी.

मग तिने मला विचारलं, उत्तेजित ऑक्सिजनला टक्के कळतात की ग्रॅम? त्याला रेणूंची संख्याच भेटते, म्हणजे ग्रॅम. एचओटूलाही तेच, फक्त त्यात तापमानही येतं. आणि मीठदाणीला? तिला टक्के कळतात.

मिठागरची नात, १३ जुलै, रात्री १०.०५

तिला सांगा, चिमूटभर खडेमीठ बशीत घालून त्याच आर्द्रतामापकाखाली ठेव. रात्री तीनला आणि दुपारी दोनला, दोन्ही वेळा बोट लावून बघ.

अबोली, १३ जुलै, रात्री १०.१२

ठेवलं. आत्ता ८८ आहे आणि बशीच्या कडेला पाणी दिसायला लागलंय.